आजीला किती तास दिलेत?

रिमोट कुणाच्या ताब्यात आहे सध्या?

मी या पानावर टीव्हीबद्दल लिहायला घेतलं की तुमच्यापैकी काही जण हमखास कुरकुरता, की काकांना आमच्या आवडीचं काहीच कसं आवडत नाही! म्हणून आज आधीच कबूल करून टाकतो. मला 'टॉम अँड जेरी' आवडतं. तुमच्याएवढा होतो तेव्हा आवडायचं आणि आता डोक्यावरचे केस कमी झाले तरी आवडतं. टॉमची शेपटी सापळ्यात अडकली की मी अजून पोट धरून हसतो. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यात टॉमची काही चूक नाही. चूक कुणाची होती ते पुढे येईलच.

आणि हो, वाचून झालं की हा अंक आई-बाबांच्या हातात द्या. आजचं पान थोडं त्यांच्यासाठीही आहे.

आमच्या घरी दोन मुलं. थोरला आता सातवीत आहे. ही गोष्ट घडली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. आणि माझी आई, म्हणजे मुलांची आजी. टीव्हीचा करार असा, की संध्याकाळी पाच ते सहा धाकटीचं कार्टून आणि सातनंतर आजीच्या मालिका. पण खरं म्हणजे दोघी दोन्ही वेळेला तिथेच. आजी सोफ्यावर पाय वर घेऊन गवार निवडत बसायची आणि धाकटी तिला टेकून.

आजी टीव्ही नुसता बघायची नाही. टीव्हीशी बोलायची. टॉम जिन्यावरून गडगडत खाली आला की आजी हातातली शेंग तशीच धरून म्हणायची, "आपटला मेला! लागलं का रे?" इस्त्री डोक्यात पडली की, "अगं बाई, टेंगूळ बघ केवढं आलं! हळद लावायला हवी." आणि मधेच धाकटीला कोपरानं ढोसून विचारायची, "आता काय होणार, सांग बघू?" धाकटी काहीतरी सांगायची. बरोबर आलं की आजी तिच्या हातावर टाळी द्यायची, चुकलं की म्हणायची, "मलाही तसंच वाटलं होतं हो." मी ऑफिसातून येऊन बूट काढता काढता हे ऐकायचो आणि मनात म्हणायचो, काय ही दोघींची कटकट, शांतपणे बघत का नाहीत!

गेल्या वर्षी श्रावणात आजी गेली. दोन दिवस दवाखान्यात होती, तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असं झालं असेल त्यांना ठाऊक आहे, त्या दिवसांत घर आपलं राहत नाही. माणसं येतात, चपलांचा ढीग पडतो, मोठी माणसं हळू आवाजात बोलतात. टीव्ही अर्थातच बंद. धाकटी सगळ्यांच्या पायात येत होती, सारखं विचारत होती, "आजी कुठाय?" कुणी म्हणालं, देवाघरी गेली. एक मावशी म्हणाल्या, गावाला गेली. आणि मी, तिचा बाप, म्हणालो, "आजी झोपली आहे गं. खूप दमली होती ना." मग तिच्या हातात मोबाइल दिला, कार्टून लावून दिलं आणि आतल्या खोलीत बसवलं. दार लोटून घेतलं. दहा-बारा दिवस हेच चाललं.

दुसऱ्याच रात्री ती दचकून उठली आणि माझा खांदा हलवायला लागली. "बाबा, झोपू नकोस. बाबा, डोळे उघड." रात्रीतून तीनदा. पुढच्या रात्रीही तेच. मला वाटलं, गडबडीनं घाबरली असेल. आपणच तिला सांगितलंय की आजी दमली म्हणून झोपली आणि मग कुठेच दिसेनाशी झाली, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तर रोजच दमून येतो आणि झोपतो!

सहाव्या दिवशी, मी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना चहा देत असताना ती आली, माझा सदरा ओढला आणि मोठ्यानं विचारलं, "बाबा, आजीला किती तास दिलेत?"

कुणालाच काही कळेना. मी म्हणालो, "कसले तास?" तर तिनं मोबाइल पुढे केला.

पडद्यावर टॉम होता. १९४९ सालचं जुनं कार्टून आहे ते, 'हेवनली पुस' नावाचं. तुमच्यातल्या काहींनी पाहिलंही असेल. टॉमच्या अंगावर पियानो पडतो आणि तो मरतो. त्याचा आत्मा सरकत्या सोनेरी जिन्यावरून वर जातो. तिथे स्वर्गात जाणारी आगगाडी उभी असते. पण तिकीट-मास्तर त्याला आत घेत नाही, कारण त्यानं जन्मभर जेरीला छळलेलं. मग त्याला एक तास मिळतो. तासाभरात खाली जाऊन जेरीची माफीच्या कागदावर सही आणायची. टॉमची जी काही धावाधाव होते ती बघण्यासारखी आहे. आणि शेवटी तो शेकोटीजवळ जागा होतो. सगळं स्वप्नच असतं!

आता चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यात शिरून बघा. टॉम मेला आणि जिन्यावरून देवाघरी गेला. आजीही देवाघरी गेली. टॉमला एक तास मिळाला, मग तो उठला. तर आजीला किती? हिशेब अगदी चोख होता.

आणि नंतर विचार करताना मला एकेक करून सगळं दिसायला लागलं. आजी टॉमला उठता-बसता 'मेला' म्हणायची, आणि हा मेला दर वेळी उठून पुन्हा जेरीच्या मागे धावायचा. आपण मराठी माणसं दारातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. आजी भाजीला निघतानाही "येते गं" म्हणायची आणि यायची. मग 'गेली' म्हणजे येणारच की! संध्याकाळच्या मालिकांनी तर कहरच केला होता. तिथे मेलेली माणसं परत येतात, कधी स्मरणशक्ती गेलेली, कधी चक्क दुसऱ्याच चेहऱ्याची. हे काही आजचं नाही. २००० साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये मिहीर मेला, घरोघरी रडारड झाली आणि प्रेक्षकांच्या आग्रहाखातर तो परत आला. आपल्याला कळतं की नटानं करार केला, मोडला, वगैरे. चार वर्षांच्या पोरीला काय कळणार?

साधारण पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मरण म्हणजे कायमचं जाणं हे नीट उमगत नाही. त्यात काही विचित्र नाही, वयच तसं असतं. विचित्र वागलो ते आम्ही मोठे.

इथे थोडं टॉम-जेरीच्या बाजूनं बोलायला हवं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी १९४० साली ही जोडी आणली. त्यांच्या छोट्या चित्रपटांना सात ऑस्कर मिळाले. पण ते बनले होते सिनेमागृहासाठी. मुख्य चित्रपटाआधी दाखवायचे, लहानमोठे सगळे एकत्र बसून हसायचे. चार वर्षांची मुलगी आतल्या खोलीत दार लोटून, हातभर लांबीवरून एकटीच ते बघेल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसणार.

आम्हीही कधी एकटे बघत नव्हतो. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी 'जंगल बुक' लागायचं, तेव्हा आमच्या वाड्यात एका टीव्हीसमोर अठरा-वीस पोरं आणि मागे भिंतीला टेकून कुणाच्या ना कुणाच्या आज्या. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. तो गुरगुरला की पुढची पोरं सरकत सरकत मागे आज्यांपर्यंत यायची. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरची 'गोट्या' मालिकाही आम्ही अशीच पाहिली. गोट्या अनाथ. त्याला आईवडील नाहीत आणि ते कुठून परतही येत नाहीत. मी आईला तेव्हा विचारलं होतं, "त्याची आई कुठाय?" ती सरळ म्हणाली होती, "नाही रे त्याला आई. वारली ती." आणि मला जवळ ओढून घेतलं होतं. संपला विषय. तिला जे जमलं ते मला, इतकी पुस्तकं वाचून, जमलं नाही.

त्या रात्री मला झोप येईना. तेव्हा मला आठवली ती अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट'ची हकीकत. हा लहान मुलांचा कार्यक्रम १९६९ साली तिथे सुरू झाला, आणि आपल्याकडे २००६मध्ये 'गली गली सिम सिम' म्हणून आला. त्यात कोपऱ्यावरचे एक दुकानदार होते, मिस्टर हूपर. ते काम करणारे नट विल ली डिसेंबर १९८२मध्ये वारले. आता काय करायचं? दुसरा नट आणावा? की हूपर आजोबा निवृत्त होऊन दुसऱ्या गावी राहायला गेले असं सांगावं? सोपं होतं ते. आपल्या मालिकावाल्यांनी तर डोळे मिटून केलं असतं. पण त्या मंडळींनी ठरवलं, की पोरांना खरं सांगायचं. बालमानसशास्त्र जाणणाऱ्यांना विचारलं, लिहिलं, आधी काही मुलांना दाखवून पाहिलं, आणि २४ नोव्हेंबर १९८३ला तो भाग दाखवला. तो दिवस त्यांच्या थँक्सगिव्हिंग सणाचा होता. का, ठाऊक आहे? सुट्टी असते, आई-बाबा घरी असतात. मुलानं काही विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी शेजारी हवं म्हणून.

त्या कार्यक्रमात 'बिग बर्ड' नावाचा आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी आहे. उंची आठ फूट, पण अक्कल लहान मुलाएवढी. त्यानं सगळ्या मोठ्यांची चित्रं काढलेली असतात. तो एकेकाला देतो, आणि मग हूपर आजोबांचं चित्र घेऊन त्यांना शोधायला लागतो. मोठी माणसं आठवण करून देतात, अरे, ते वारले ना. बिग बर्ड म्हणतो, हो हो, मग परत आले की देईन! माझ्या धाकटीचाच प्रश्न, नाही का? मग एक बाई त्याला जवळ जाऊन सांगतात, की मेलेलं माणूस परत येत नाही. तो रागावतो, मला खाऊ कोण देणार, गोष्टी कोण सांगणार, म्हणून विचारतो. कुणीही त्याला 'झोपले' म्हणत नाही, 'गावाला गेले' म्हणत नाही. आता त्यांचं काम कोण करेल ते सांगतात, आणि आपल्यालाही वाईट वाटतंय हे लपवत नाहीत. बिग बर्ड हूपरांचं नाव कायम चुकीचं घ्यायचा. शेवटी तो पुन्हा चुकतो आणि सगळे रडत रडत त्याला बरोबर नाव सांगतात. ते नट खरंच रडत होते म्हणे. आणि ती चित्रं काढली होती बिग बर्डच्या आत असणाऱ्या कॅरोल स्पिनी या कलाकारानं स्वतः. हूपरांचं ते चित्र पुढे बिग बर्डच्या घरट्यापाशी टांगलं.

आणखी एक गोष्ट. 'सेसमी स्ट्रीट'वाले मुद्दाम मोठ्यांना हसू येईल असे विनोद आणि मोठ्यांना माहीत असलेले पाहुणे कार्यक्रमात घालायचे. मोठ्यांना मजा वाटली तर ते पोरांजवळ बसतील आणि मुलं जास्त शिकतील, असा विचार. म्हणजे लाखो रुपयांचे तज्ज्ञ बसवून त्यांनी जे शोधलं, ते आमच्या घरात सोफ्यावर गवार निवडत बसलेलं होतं. आणि मी त्याला कटकट म्हणत होतो.

बरं, हे सगळं आठवून मी दुसऱ्या दिवशी जय्यत तयारीनं धाकटीशी बोलायला गेलो. पण माझ्याआधीच कुणीतरी तिथे पोचलं होतं.

थोरला तिच्याशेजारी पालथा पडून वहीत काहीतरी काढत होता. पाठकोऱ्या वहीच्या कोपऱ्यात, एकेका पानावर एकेक चित्र. तुम्हीही करता हे, मागच्या बाकावर बसून, मला माहीत आहे! पानं भर्रकन सोडली की चित्र हलतं. सिनेमातही असंच असतं, सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. त्यानं काढलं होतं एक मांजर. पानं सोडली की ते धपकन पडायचं आणि उठायचं.

"बघ," तो म्हणाला, "याला मी पाडला. आता मी उठलेला काढला, म्हणून उठला. नसता काढला तर पडूनच राहिला असता."

"आजीला कोण काढतं?"

"आजीला कुणी काढत नाही. आजी खरी होती. खऱ्या माणसाचं अंग एकदा बंद पडलं ना, की परत चालू होत नाही."

"चार्जिंगला लावलं तरी?"

"लावलं तरी."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "म्हणजे येणारच नाही?"

"नाही येणार."

आणि ती रडायला लागली. सहा दिवसांत पहिल्यांदा. थोरलाही रडायला लागला. मी दारात उभा होतो, मीही आत जाऊन बसलो. तयारी केलेलं एक वाक्यही बोललो नाही. फक्त एवढंच सांगितलं, की मी त्या दिवशी चुकीचं बोललो. आजी झोपली नव्हती. झोपणं वेगळं. मी रोज झोपणार आणि रोज सकाळी तुला दूध द्यायला उठणार.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. त्या रात्रीही ती दोनदा उठली. महिनाभर दुपारी झोपायचं नाव काढलं की रडायची. आणि एकदा तर थोरल्याला म्हणाली, आजीपण काढ, उठणारी. त्यानं काढली. सोफ्यावरून उठणारी, चष्म्याची आजी. तिनं दोन-तीनदा पानं सोडून पाहिली आणि म्हणाली, "ही आजी बोलत नाही." वही ठेवून दिली. अजून आहे कपाटात.

आता तुम्ही विचाराल, मग काका, कार्टून बंद केलं का? छे! नियम मात्र थोडे बदलले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त पडदा नको. ते आम्ही पाळायचा प्रयत्न करतो, रोज जमतंच असं नाही. मोबाइलवर कार्टून मात्र पूर्ण बंद. बघायचं तर बाहेरच्या खोलीत, टीव्हीवर, जिथे जाणारं-येणारं कुणीतरी दोन मिनिटं टेकतं. कार्यक्रम निवडताना मी आता एकच बघतो, की तो मधे थांबतो का. काही कार्यक्रम इतके सुसाट पळतात, की मुलाला 'हे असं का?' विचारायला फटच सापडत नाही. 'मोटू पतलू'बद्दल माझं हेच म्हणणं आहे. मारामारी सोडा, श्वास घ्यायला तरी थांबा! १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज'मध्ये तो माणूस प्रश्न विचारून खरोखरच थांबायचा, घरातल्या मुलानं उत्तर द्यावं म्हणून. आणि एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचे, कारण छोट्यांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते. मोठ्यांना वेड लागायची पाळी येत असेल, ते सोडा. ऑस्ट्रेलियाची 'ब्लूई' २०१८मध्ये सुरू झाली. त्यातला बाप कुत्रा मुलींशी इतकं खेळतो, की ती बघताना मलाच कसंनुसं होतं. एक भाग जेमतेम सात मिनिटांचा. तेवढा वेळ तर कुणालाही बसता येतं.

आणि दादा-ताईंनो, तुमच्या घरी धाकटं कुणी असेल तर हे काम तुम्हालाच जास्त जमेल, हे मी स्वतःच्या घरात पाहिलंय. आम्हा मोठ्यांना सारवासारव करायची सवय लागलेली असते.

मध्यंतरी एका संध्याकाळी मी घरी आलो, तर टीव्हीवर टॉम होता. टॉम जिन्यावरून गडगडत खाली आला. सोफ्यावरून आवाज आला, "आपटला मेला! लागलं का रे?"

मी बूट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. धाकटी पाय वर घेऊन बसली होती. शेजारची जागा तिनं मोकळी ठेवली होती, की नुसतीच मोकळी होती, कोण जाणे. मी जाऊन तिथे बसलो. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"बाबा, आता काय होणार, सांग बघू?"

मी म्हणालो, जेरी बिळात पळणार. नाही पळाला. त्यानं टॉमच्या पायाखाली साबण टाकला.

"मलाही तसंच वाटलं होतं हो," ती म्हणाली.